न पाहिलेल्या भागाचं परीक्षण

'साडेदहाची सोंगं' या कार्यक्रमाचं परीक्षण मी सव्वा वर्ष लिहिलं आणि त्यातला एकही भाग पाहिला नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणाला मला पकडल्याचा आनंद नको.

घरात टीव्ही नाही असं नाही. आहे. पण मी पेपरचा एजंट. पहाटे साडेतीनला उठायचं, घाटनांदूरच्या स्टँडवरून गठ्ठे उचलायचे आणि सात गावांत मोटारसायकलवरून एकशे चाळीस अंक टाकायचे. असा माणूस रात्री साडेदहाला जागा राहील कशाला? नऊलाच मी आडवा. शाळा नववीपर्यंत. पुढचं शिक्षण न खपलेल्या अंकांवर झालं. परत करायच्या आधी प्रत्येक अंक मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचायचो आणि वाचता वाचता राग यायचा, की असं पुचाट लिहून यांना छापतात कोण? तो राग घेऊन एक दिवस मी बीडला 'दैनिक आरोळी'च्या कचेरीत गेलतो.

मालक आणि संपादक एकच, सुंदरराव. माझ्याकडं वरखाली बघून म्हणाले, "बातम्या द्यायला माणसं हायत माझ्याकडं. टीव्हीवर लिहिणारं कुणी न्हाई. लिहितोस?"

म्हटलं, लिहितो. सदराचं नाव 'पडद्यापुढं', दर शुक्रवारी.

माझी पद्धत अशी होती. कार्यक्रम बुधवारी रात्री लागायचा. गुरुवारी सकाळी अंक टाकून झाले की मी आमच्या वाघटाकळीत वाहेदच्या दुकानात बसायचो. वाहेद जळालेल्या मोटारी भरून देतो, म्हणजे तांब्याची तार नव्यानं गुंडाळून देतो. दुष्काळात विहिरीचं पाणी तुटलं की मोटारी कोरड्या चालून जळतात, त्यामुळं दुष्काळात गावात फक्त त्याच्याच दुकानात गर्दी. तिथं आश्रुबा, राधाकिशन आणि आणखी दोघं-तिघं रात्रीची सोंगं सांगायचे. सांगायचे म्हणजे करून दाखवायचे. आश्रुबा पोट पुढं काढून पुढाऱ्यासारखा चालायचा, राधाकिशन बाईचा आवाज काढायचा. मी वहीत टिपून घ्यायचो, त्यावर चार शहाणपणाची वाक्यं घालायचो आणि दुपारी पानाचा फोटो बीडला पाठवून द्यायचो. सव्वा वर्षात एकाही वाचकानं चूक काढली नाही. उलट एका प्राध्यापकानं पत्र लिहून माझ्या निरीक्षणशक्तीचं कौतुक केलं. ते पत्र मी सांभाळून ठेवलंय, शिवी म्हणून.

आता सभेचं सांगतो.

आमच्या गावात उपसा सिंचनाची सहकारी संस्था आहे. साठवण तलावाच्या काठाला संस्थेची विहीर, तिच्यावर दोन मोटारी. एकीचं पाणी सभासदांच्या रानाला. दुसरी मोटार सकाळी तासभर चालायची ती गावच्या जनावरांच्या हौदासाठी. संस्था निघाली तेव्हापासूनची ही रीत. अठरा सालात पोळ्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. सप्टेंबरच्या शेवटी वार्षिक सभा झाली आणि ठराव क्रमांक सात आला, की पाणीटंचाईमुळं हौदाची मोटार बंद करून ते पाणी संस्थेच्या बेणे प्लॉटला द्यावं. बेणे प्लॉट म्हणजे उसाच्या बियाण्याचं रान. ते रान चेअरमनचं. संस्थेनं ते करारानं घेतलंय. जनावरांनी काय प्यावं, याबद्दल ठरावात ओळ नव्हती.

पण ठराव ऐकतो कोण? सेक्रेटरी अर्जुनराव तोंडातल्या तोंडात असा पळवतो, की 'ठराव क्रमांक' एवढे दोनच शब्द ऐकू येतात. तो श्वास घ्यायला थांबला की मांडव ओरडतो, "मंजूर!" काय मंजूर केलं ते कुणालाही विचारा, सांगता येणार नाही. मांडवामागं कढईत भजी पडलेली असतात, माणसांचं अर्धं ध्यान तिकडं. बावीस ठराव, वीस मिनिटं. आमच्याकडं 'मंजूर' हा शब्द राहिलेला नाही, ती शिंक झालीय. एकाला आली की सगळ्यांना येते.

सातव्या ठरावाला छबुबाई उठली. नोटिशीतले ठराव तिनं आधीच कुणाकडून तरी वाचून घेतले होते. सभासद क्रमांक दोनशे चौदा. नवऱ्यामागं शेअर तिच्या नावावर झालेला. दोन म्हशी, एक वगार, आणि त्यांच्या दुधावर घर. मी तिला मावशी म्हणतो, सगळं गावच म्हणतं.

"नामंजूर," ती म्हणाली.

चेअरमन माइकवरून हसत म्हणाले, "बाई, खाली बसा."

"बायांना बसायला सतरंजी टाकली का तुमी? मी उभीच हाय. नामंजूर. लिवा तसं."

मांडव हसला. पुढचे सगळे ठराव हसण्यात मंजूर झाले. कुणीतरी चौतीस सेकंद मोबाइलवर घेतले. त्यात तिचं फक्त "बायांना बसायला सतरंजी टाकली का तुमी" एवढंच नीट ऐकू येत होतं, बाकी हसणं. ती क्लिप दोन दिवसांत पार परदेशात फिरून परत आमच्या गावात आली.

इतिवृत्तात लिहिलं, 'ठराव क्र. ७ सर्वानुमते मंजूर.' दुसऱ्या दिवशी हौदाची मोटार बंद. छबुबाईनं तालुक्याच्या सहकार कचेरीत अर्ज दिला, की मी विरोध केला तो लिहिलेला नाही. तिथल्या कारकुनानं तिला सरळ सांगितलं होतं, "मावशी, विरोधाची एक जरी नोंद निघाली, तर साहेबांना ठराव तपासावा लागतो. सर्वानुमते म्हणल्यावर तपासायचं काय?" म्हणजे तिला एवढंच पाहिजे होतं, की आपण बोललेला एक शब्द कागदावर यावा. त्या शब्दावर हौद अडला होता. तोवर ती दोन किलोमीटरवरून डोक्यावर पाणी आणून म्हशींना पाजत होती. म्हैस एका वेळी किती पिते, ज्यांना माहीत नाही त्यांनी एकदा डोक्यावर वाहून बघावं.

आणि दिवाळीनंतरच्या एका बुधवारी 'साडेदहाची सोंगं'च्या मुंबईवाल्यांनी त्या क्लिपवरून सोंग केलं.

गुरुवारी मी दुकानात पाय ठेवतोय तोवर राधाकिशन ओरडला, "पंडित, आज एका वहीत भागत न्हाई बघ. आपली सभा दावली बे टीव्हीवर!"

"आपलीच कशावरून?"

"अरे ती सतरंजी! तीच वाक्यं की सगळी!"

आश्रुबा तोवर उठून चेअरमन झाला होता. पोट पुढं, मिशीला पीळ. "ठराव क्रमांक चार! चंद्रावर संस्थेचं गोडाऊन बांधणे!"

बाकीचे ओरडले, "मंजूर!"

"ठराव क्रमांक पाच! पाऊस न पडल्याबद्दल पावसाचं अभिनंदन करणे!"

"मंजूर!"

वाहेद हातातली तार खाली ठेवून पोट धरून हसत होता. मग राधाकिशननं खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला आणि म्हातारी झाला. नामंजूर, नामंजूर म्हणत नाचला. आश्रुबानं त्याच्यापुढं भज्याचं ताट धरलं. ताट म्हणजे वाहेदच्या नटबोल्टची थाळी. म्हातारीनं एक भजं खाल्लं, दोन खाल्ली, गाल फुगवले.

"अन् मग?" मी पेन धरून विचारलं.

"मग काय? मंजूर म्हनली."

"तोंडात भजी घेऊन?"

"मग! असं, म्हंऽजूऽर!" राधाकिशननं करून दाखवलं. सगळे खिंकाळले. मीही हसलो. हे लपवत नाही, पोट दुखेस्तोवर हसलो.

आणि लिहिलं. लिहिताना वाटलं, आपल्या गावची गोष्ट आहे, बीडच्या वाचकाला कळायला पाहिजे. म्हणून मी नाव घातलं. छापून आलेलं जसंच्या तसं देतो. 'वाघटाकळीच्या छबुबाईंवर बेतलेली ही व्यक्तिरेखा भागाचा प्राण आहे. शेवटी भज्यांच्या ताटापुढं छबुबाईही मंजूर म्हणतात आणि सहकाराचं वर्तुळ पूर्ण होतं.' ते वर्तुळाचं वाक्य मला त्या दिवशी लई आवडलं होतं. दोनदा मोठ्यानं वाचलं होतं.

तीन आठवड्यांनी छबुबाई वाहेदच्या दुकानात आली. हातात टाचणी मारलेले कागद. वर संस्थेचं उत्तर, खाली माझं कात्रण.

"पंडित, हे वाच."

मी वाचलं. 'अर्जदार सभासद यांनी सभेतच नंतर सहमती दर्शविली असून तसे वृत्तपत्रातही नावासह प्रसिद्ध झाले आहे. कात्रण सोबत जोडले आहे.' खाली अर्जुनरावची सही, संस्थेचा शिक्का.

"हे तू लिवलंस?"

"मावशी, ते टीव्हीतल्या सोंगाबद्दल होतं. त्यात जे दाखवलं…"

"टीव्हीत माझं नाव घेतलं?"

मी आश्रुबाकडं बघितलं. तो म्हणाला, "नाव न्हाई घेतलं. नुसती म्हातारीच होती."

"मग माझं नाव कोनी घातलं?"

मी कात्रण उलटं धरलं.

"तू सभेत होतास?"

"मी सभासद न्हाई, मावशी."

"सोंग तरी पाह्यलंस का?"

उत्तर वाहेदनंच दिलं. "इसने एक भी नहीं देखा मावशी. सव्वा बरस झालं. हितं बसून आयकतो आन लिवतो."

तिनं कागद माझ्या हातातून काढून घेतले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाली, "सभेत ऐकत न्हाईत अन् मंजूर म्हनतात. तू बघत न्हाईस अन् लिवतोस. मग तुझ्यात अन् त्यांच्यात फरक कशापायी करायचा?"

वाहेदनं मोटारीचा सांगाडा बाजूला सारला, मोबाइल तेलाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तो भाग लावला. "आता बगून घे भई. एकदा तरी बग."

सकाळचे दहा वाजले होते. मी, छबुबाई, आश्रुबा, राधाकिशन, सगळे वाकून बघायला लागलो. सव्वा वर्षाचा परीक्षक पहिल्यांदा परीक्षण करत होता, तर आता खरं परीक्षण लिहितो.

भाग भिकार होता. दुष्काळ म्हणून मागं एक पडदा, त्याच्यावर तडे गेलेली जमीन रंगवलेली. ती चिखलाची होती. चिखल वाळला की असे तडे जातात. आमची काळी रानं अशी तडकत नाहीत, ती अशी फाकतात की आत पाय जातो. बायांच्या कडेवर नवे कोरे स्टीलचे हंडे, त्यांवरचं कंपनीचं लेबलही काढलेलं नाही. म्हातारी झालेला नट 'व्हय जी, न्हाय जी' करत होता. बीड जिल्ह्यात असं कोण बोलतं? जी कुणाला लावता रे? गरीब माणूस दाखवायचा म्हणजे डोळे तिरळे करायचे, कंबर हलवायची आणि दर वाक्याला मागून हसण्याची मशीन सुरू करायची. लिहिणाऱ्यानं सभा पाहिलेली नव्हती हे उघड होतं. त्याच्याकडं चौतीस सेकंद होते, ते त्यानं पस्तीस मिनिटांपर्यंत ताणले होते. चंद्रावरच्या गोडाऊनला लोक हसतात, कारण ते खोटं आहे हे कळतं. बेणे प्लॉटला कोण हसणार?

हे सगळं मी मनात लिहीत होतो आणि मला बरं वाटत होतं. चला, सोंग वाईट आहे, म्हणजे दोष त्यांचा.

मग भज्याचं ताट आलं. म्हातारीनं एक खाल्लं, दोन खाल्ली, गाल फुगवले. एवढ्यावर जाहिराती आल्या.

"हितंच," राधाकिशन म्हणाला, "ह्याच्या म्होरं म्हनती मंजूर."

जाहिराती संपल्या. म्हातारी अजून खात होती. सेक्रेटरीचं काम करणारा नट मागं ताटं पिशवीत भरत होता. म्हातारीनं शेवटचं भजं गिळलं, चेअरमनच्या खांद्यावरच्या उपरण्याला हात पुसले आणि म्हणाली, "भजी मंजूर. ठराव नामंजूर." पडदा पडला. नावं आली.

वाहेदनं मोबाइल बंद केला.

"हे आमी न्हाई पाह्यलं," आश्रुबा हळूच म्हणाला.

"कसं न्हाई पाह्यलं?"

वाहेदला आधी कळलं. त्यानं कपाळावर हात मारला. "अरे, अकरा बजे लाइट जाती की आपली!"

खरं होतं. त्या साली आमच्या फीडरची लाइट रात्री अकराच्या ठोक्याला जायची. कार्यक्रम साडेदहा ते अकरा पाच. म्हणजे सव्वा वर्षात आमच्या गावात एकाही माणसानं एकाही भागाचा शेवट पाहिलेला नव्हता.

"मग दर गुरुवारी मला शेवट कोण सांगत होतं?"

राधाकिशन डोकं खाजवत म्हणाला, "आमीच की. अंदाजानं. सोंगाचा शेवट काय, कळतोच की मानसाला."

"अन् म्हातारी मंजूर म्हनली, हे?"

"सभेत काय म्हनतेत मानसं? मंजूरच म्हनतेत. मला तर पाह्यल्यासारखं वाटत होतं, पंडित. शपथ. म्हंऽजूऽर म्हनलेला आवाज बी आयकू आलता."

तो खोटं बोलत नव्हता, हेच मला सहन होईना. खोटं बोलला असता तर कानाखाली देता आली असती. मुंबईच्या त्या लबाड, आळशी लिहिणाऱ्यालासुद्धा, ज्याला काळ्या रानाच्या भेगा माहीत नाहीत, त्यालाही वाटलं की ही बाई शेवटपर्यंत नाही म्हणेल. आणि आम्ही, तिच्याच गावचे, ज्यांच्यातले दोघं तर तिच्याबरोबर मांडवात बसले होते, आम्ही अंधारात तिच्या तोंडी मंजूर घातलं. त्यावर मी सहकाराचं वर्तुळ काढलं.

छबुबाईला सोंगातल्या त्या शेवटच्या वाक्याचं काही कौतुक वाटलं नाही. "मी एक बी भजं खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "ते ऱ्हाऊ दे. आता तू काय करनार ते सांग. सुनावनी येत्या मंगळवारी हाय."

मी त्याच दिवशी बीडची एसटी धरली. सुंदररावांना म्हटलं, चूक झाली, खुलासा छापा. चार ओळी.

ते हसले. "करमणुकीच्या पानावर खुलासा? सोंगाचा शेवट चुकला म्हणून? लोक मला हसतील."

"साहेब, ते कात्रण पुरावा म्हणून लावलंय."

"मग तुझं वजन वाढलं की!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ पंडित, पुढच्या महिन्यात चेअरमनच्या वाढदिवसाची पुरवणी हाय. आठ पानं. तू लिही की त्यात. चांगलं लिहितोस."

मी उठलो. रात्री आठला घरी आल्यावर कागदाच्या एका बाजूला लिहिलं. 'अमुक तारखेचं परीक्षण मी भाग न पाहता लिहिलं. छबुबाई मंजूर म्हणाल्या हे खोटं आहे. त्या सोंगातही मंजूर म्हणालेल्या नाहीत आणि सभेतही नाहीत. चूक माझी.' खाली सही, पूर्ण नाव, गाव. एकशे चाळीस झेरॉक्स काढल्या. आम्ही एजंट लोक क्लासवाल्यांची, साडीवाल्यांची हँडबिलं अंकात घालतो, तशी एकेक घालून सातही गावांत टाकली. चेअरमनच्या घरीही टाकली, तेही वर्गणीदारच.

दुपारी सुंदररावांचा फोन. "माझ्या अंकात घालून माझीच लाज काढतोस? उद्यापासून आरोळीचा गठ्ठा तुझ्याकडं येणार न्हाई. सदर बंद." एकशे चाळीसपैकी साठ अंक त्यांचे. गेले.

मंगळवारी मी आणि वाहेद छबुबाईबरोबर तालुक्याला गेलो. वाहेद कशाला, तर मोबाइल त्याचा. आश्रुबा आणि राधाकिशन दोघं सभासद, दोघांनी सभेत तिचं नामंजूर स्वतःच्या कानानं ऐकलेलं. आदल्या दिवशी विचारायला गेलो तर एकाच्या बायकोनं सांगितलं, ते गावाला गेले, आणि दुसऱ्यानं स्वतःच आतून सांगितलं, मी घरी न्हाई.

कचेरीत साहेब पन्नाशीचे, सर्दी झालेले. एका बाजूला संस्थेचे वकील आणि अर्जुनराव, दुसऱ्या बाजूला ही बाई.

वकिलांनी कात्रण पुढं केलं. मी उठलो. "साहेब, हे माझं आहे."

"तुम्ही कोण?"

"लिहिणारा. हे चूक आहे. मी तो भाग पाहिलाच नव्हता."

"न पाहता परीक्षण लिहिलं?"

"हो."

शेजारचा कारकून तोंडावर हात धरून हसला. साहेबही हसले, मग शिंकले. "वकीलसाहेब, मग हे कात्रण बाजूला ठेवावं लागेल."

वकील शांतपणे म्हणाले, "ठेवा ना. पण मग बाईंच्या बाजूनं काय उरलं? क्लिपमध्ये शब्द ऐकू येत नाही. साक्षीदार नाही. इतिवृत्तात सर्वानुमते आहे."

खरंच होतं. मी चूक कबूल केली म्हणून तिचं बरोबर ठरत नव्हतं. छबुबाई म्हणाली, "मी सांगते की. मी म्हनले. माझंच तोंड हाय ना?" साहेब म्हणाले, "मावशी, तुमच्याशिवाय कुणी सांगायला पाहिजे."

विषय संपल्यात जमा होता. मी पुन्हा उठलो. म्हटलं, निदान तो शेवट तरी बघा साहेब, म्हणजे माझं खोटं किती मोठं होतं ते तरी कळेल. त्यांना काय वाटलं कोण जाणे, दुपारच्या जेवणाची वेळ झालेली, म्हणाले, लावा. वाहेदनं मोबाइल फायलींच्या गठ्ठ्याला टेकवला. दोन कारकून, एक शिपाई आणि दुसऱ्या कुणाच्या सुनावणीला आलेली चार माणसं मागं उभी राहिली. भज्याचं ताट आलं. सेक्रेटरी झालेला नट ताटं पिशवीत भरायला लागला तसे सगळे खो खो हसले आणि दोघांनी सरळ अर्जुनरावकडं बघितलं.

अर्जुनराव लाल झाला. तीस वर्षं तो संस्थेत आहे. ठराव कसा वाचतो यावर कुणी बोललं तर त्याला काही वाटत नाही, पण ताटांचा हिशेब त्याचा चोख असतो. पडद्यावर म्हातारी भजी चोपत होती.

"साहेब, हे सगळं खोटं हाय!" तो उभा राहून ओरडला. "ही टीव्हीवाली मानसं काय बी दावतात. बाईनं एक भजं खाल्लं न्हाई! मी सोता ताट घेऊन मागं गेलतो, म्हनलं बाई निदान खाऊन जा. तर 'नामंजूर म्हनले म्हनून सांगितलं ना' म्हनली अन् ताट सारून तरातरा निघून गेली. दोनशे तीस ताटं सांगितली होती, एक शिल्लक. पिशवीत न्हाई भरलं मी! कढईवाल्याला परत दिलं!"

वकील त्याचा सदरा ओढत होते. उशीर झाला होता.

साहेबांनी रुमालानं नाक पुसलं. "काय म्हणाली आणि निघून गेली?"

अर्जुनराव वकिलांकडं बघायला लागला.

"त्यांच्याकडं बघू नका. काय म्हणाली?"

"…नामंजूर म्हनले म्हनून सांगितलं ना, असं."

"लिहून घ्या," साहेब कारकुनाला म्हणाले.

छबुबाईनं पदर नीट केला. हसली नाही.

आदेश निघाला. सभासद क्रमांक दोनशे चौदा यांचा विरोध इतिवृत्तात नोंदवावा, ठराव सातला स्थगिती, त्यावर विशेष सभा घेऊन हात वर करून मतमोजणी करावी. हा आदेश कचेरीतून वाघटाकळीला यायला नऊ दिवस लागले, चोवीस किलोमीटरला. तोवर मोटारीची किल्ली कुणी देईना. त्या नऊ दिवसांत छबुबाईनं थोरली म्हैस बाजारात नेऊन विकली. दहाव्या दिवशी हौदावर पाणी पडलं, तेही वीस मिनिटं. विहीर तोवर उसानं ओढली होती. बाकीच्यांची जनावरंही आली, सगळी एकमेकांवर पडत. ज्यांची जनावरं होती ते मालक मागं उभे, मान खाली.

दुसऱ्या दिवशी मी वाहेदच्या दुकानात गेलो. आता ऐंशीच अंक, लवकर आटोपतं. आश्रुबा, राधाकिशन आणि आणखी दोघं आधीच बसलेले.

"मावशीनं काम केलं बघ," राधाकिशन म्हणाला. "आमी बी त्या दिवशी मनात नामंजूरच म्हनत होतो."

"मनात?"

"मग! तोंडानं मंजूर निघालं ते सवयीनं."

मी वही उघडली. "विशेष सभा सत्तावीस तारखेला. या बारीला हात वर करायचाय. कोण कोण करणार, नावं सांगा. लिहून घेतो."

राधाकिशनला एकदम वैरण कापायची आठवली. बाकीचे दोघं त्याच्या मागं गेले. वाहेद माझ्याकडं बघून म्हणाला, "मी सभासद असतो तर पैला माझा हात लिवला असता, भई." तो सभासद नाही, त्याला जमीनच नाही.

आश्रुबा तेवढा बसून राहिला. दोन विड्या ओढल्या. मग म्हणाला, "लिव. आश्रुबा. सभासद क्रमांक सत्त्याण्णव."

मी लिहिलं. तो उठून रस्त्यापर्यंत गेला, थांबला, परत आला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला.

"खोडू नको," तो म्हणाला. "पन सत्तावीस तारखेपर्यंत कुनाला दावू बी नको."